उलटी टांगलेली गोधडी

"बाई, लवकर या. गोधडी उलटी टांगलीय!"

रखवालदाराचा फोन आला तेव्हा संग्रहालयाची सुरक्षा अधिकारी चहा पीत होती. पोलिसातून निवृत्त झालेली बाई. नवरा गेला तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गोधडीचं काय घेऊन बसलात! कप संपवून मगच ती वर गेली.

तैलचित्रांच्या मुख्य दालनात पहिल्यांदाच एका गोधडीला जागा मिळाली होती. दुपारी उद्घाटन. काचेचं कपाट शाबूत, कुलूप शाबूत. पण नक्षीची सुलट बाजू भिंतीकडे, फिकट अस्तर लोकांकडे. टांगायची दांडी ओवायची पट्टी कुणीतरी उसवून दुसऱ्या बाजूला शिवली होती.

किल्ल्या तिघांकडे. रखवालदाराचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. उरले दोघं: जुनी कापडं जपणारी तज्ज्ञ मुलगी आणि संचालक.

"हे तू शिवलंस?" बाईनं मुलीला विचारलं.

"छे! मी बारीक रेशीम वापरते. हा जाड दोरा आहे. आणि टाका बघा, तीन बारीक, एक लांब. अख्ख्या गोधडीत हाच आहे. दुसरीकडे कुठे पाहिला नाही मी."

"सुलट बाजूला लपवण्यासारखं काही?"

"काल कोपरा साफ केला, तर अक्षरं निघाली. 'माझ्या ठोंब्याला'. फक्त संचालकांना सांगितलं."

संचालक खोलीत भाषण वाचत होते.

"जाऊ द्या ना. अस्तरालाही सौंदर्य असतं."

त्यांच्या खुर्चीला कापडी पिशवी लटकत होती. तुटलेला बंद पुन्हा शिवलेला. बाई वाकली. तीन बारीक, एक लांब.

"हा कुणी शिवला?"

"मीच," ते बोलून गेले.

"मग पट्टीही तुम्हीच शिवलीत. कुलूप फुटलं नाही, म्हणजे किल्लीवाल्याचं काम. रखवालदाराला सुई धरता येत नाही. मुलीला अक्षरं लपवायची असती, तर ती बोललीच नसती. आणि हा टाका जिनं तुम्हाला शिकवला, तिनंच गोधडी शिवलीय. ठोंब्या तुम्हीच."

त्यांनी भाषणाचे कागद मिटले. "आईची आहे. ती मला अजून सगळ्यांसमोर ठोंब्याच म्हणते."

"मग पाटीवर 'कलाकार अज्ञात' कशाला?"

"नाव घातलं असतं तर विश्वस्त म्हणाले असते, घरातलं पांघरूण आणून टांगलं. अज्ञात म्हटल्यावर सगळे वाहवा करतात."

"आई कुठे असतात?"

"घरी. रोज गोधडी मागते. धुवायला दिलीय म्हणतो."

बाईनं आपल्याला राग येतो का पाहिलं. आला नाही. कीवही नाही.

"सुलट लावा," ती म्हणाली. "पाटीवर त्यांचं नाव घाला. आणि त्यांना बोलवा. नाहीतर अहवाल विश्वस्तांकडे जाईल."

उद्घाटन अर्धा तास लांबलं. म्हातारी लेकाचा हात धरून आली. तैलचित्रांकडे तिनं पाहिलंही नाही. थेट काचेपाशी थांबली.

"वाळली की रे! दे काढून. थंडी वाजतेय."

विश्वस्त एकमेकांकडे बघू लागले.

बाईनं रखवालदारापुढे किल्लीसाठी हात केला.