खालच्या पट्टीतलं गाणं

रायपूरच्या पंडरी बाजारात साडीच्या एका नव्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि ऑर्केस्ट्राच्या गायिकेनं ऐनवेळी दगा दिला होता. कौमुदी तिथं ब्लाउजपीस घ्यायला आलेली, आपल्याच नादात गुणगुणत होती. कीबोर्डवाल्या शिशिरनं ते ऐकलं आणि माइक सरळ तिच्या हातात दिला. "बस एक गाना... फिर भले डाँट लेना." ती रागावली तर नाहीच, उलट तीन गाणी म्हणून गेली.

राज्य नवं, राजधानी नवी आणि कौमुदीही रायपूरला नवीच. यवतमाळहून नोकरीसाठी आलेली. तेलीबांध्याच्या भाड्याच्या खोलीत रविवार तिला खायला उठायचा. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. आता रविवार ऑर्केस्ट्राचा झाला. शिशिरचं मराठी घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. आज काही बोलून नाही राहिले तुम्ही, असं ती छेडायची. "आपको सुन रहा हूँ," म्हणत तो कीबोर्डशी उगाच चाळा करायचा. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. सुरुवातीच्या महिन्यांत तिला टायफॉइड झाला, तेवढेच काही रविवार बुडाले.

वर्षभरानं शिशिरला नागपूरच्या बँडचं बोलावणं आलं. तेलीबांध्याच्या तलावाकाठी भुट्टा खाताना त्यानं ते सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. थांबा म्हणायचा आपल्याला काय हक्क, असं वाटून कौमुदी हसली, जा की म्हणाली. अशी ही शहाणी मुलगी! तो गेला.

पुढच्या रविवारी जवळच अभनपूरला लग्नात दुपारचा कार्यक्रम होता. नव्या कीबोर्डवाल्याला तिनं नेहमीसारखी आपली पट्टी सांगितली, काळी चार. पहिल्याच वरच्या सुराला आवाज फाटला. दुसऱ्यांदाही तेच. मांडवात कुजबुज सुरू झाली. संपलं, कौमुदीला वाटलं, आता रविवारही गेला.

गिटारवाल्या सुशीलनं तिला बाजूला घेतलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

"दीदी, चूक माझी आहे. शिशिर भैयानं जाताना मले बजावलं होतं, नव्या कीबोर्डवाल्याले सांगून ठेव म्हणून, मी विसरलो. टायफॉइडनंतर तुमचा आवाज वर जाऊन नाही राहिला. तुम्ही काळी चार सांगायच्या, भैया गुपचूप एक पट्टी खाली, काळी तीन लावायचे. आठ महिने झाले. तुम्हाले कळलं तर गाणं सोडाल, भैया म्हणे."

आठ महिने! कौमुदीला रडू आलं, आणि ज्याच्यापुढे रडावं तो नागपुरात. डोळे पुसून ती स्टेजवर गेली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी काळी तीन सांगितली आणि शेवटपर्यंत गायली. छान गायली.

मग सुशीलकडून नंबर घेऊन तिनं समोरच्या एसटीडी बूथमधून शिशिरला फोन लावला. आवाज फाटल्याचं कळताच शिशिर घाबरला, कार्यक्रमासाठी परत येऊ का विचारू लागला.

"गाण्यासाठी नका येऊ," ती म्हणाली. "गाणं मी खालच्या पट्टीत निभावते. पण मले... तुमच्याबिगर करमून नाही राहिलं."



"उस दिन कहा क्यों नहीं?"

"भीती वाटली. तुम्ही काहून नाही बोलले?"

"मुझे भी..." तो हळूच म्हणाला. मग त्यानं कबूल केलं, परत यायचं तो घाबरून बोलून गेला होता; तीन महिन्यांची बोली झाली आहे, तोवर सुटका नाही.

तीन महिने म्हणजे बारा रविवार, त्याच्यावाचून. कौमुदीनं रिसीव्हर घट्ट धरला.

"मग येत्या रविवारी मीच नागपूरले येते. सकाळच्या गाडीनं. स्टेशनवर उभे राहाल ना?"

 

"अभी से खड़ा हूँ," शिशिर म्हणाला.