आबांच्या नाकातली बाग

आबांचं नाक गेलं, तर त्यात शाल्मलीचा फायदाच होता. देवगडच्या शेडमध्ये आंबे हुंगून निवडण्याचं त्यांचं काम तिला मिळालं असतं, शिवाय बाराव्या वर्षी मोठ्यांना ‘हा नको, तो उचला’ म्हणण्याची चैन! म्हणून आबांची चूक तिनंच आधी हेरली. देठकूज लागलेला आंबा त्यांनी हुंगला आणि खुशाल पेटीत घातला. तिला तर दोन हातांवरून आंबूस वास येत होता.

“आबा, सर्दी झालीय का तुम्हाला?”

“माझ्या नाकाला नावं ठेवतेस?” आबा येरझाऱ्या घालू लागले. दुपारी तीनला मालाची सौरबोट सुटणार होती.

कामगारांची तब्येत तपासणारी, चोंबडी नावाची यंत्रबाई घरंगळत आली. “नाक वर करा. तसं ते वरच असतं म्हणा.” तिनं केसाएवढा कॅमेरा आत सरकवला. भिंतीवर चित्र उमटलं.

“हे नाकाचं अस्तर (आतली ओलसर, नाजूक त्वचा). वयानं ते पातळ, कोरडं होतं. त्यावरचे पक्ष्म (धूळ ढकलणारे सूक्ष्म केस) मंदावतात.”

“एवढ्यानं वास जातो?” शाल्मलीनं विचारलं.

“नाही. वर नाकाच्या छताशी बघ. तिथल्या गंधपेशी (वासाची खबर मेंदूला देणाऱ्या पेशी) मरत असतात. मूळपेशी (नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी) त्यांच्या जागा भरतात. म्हातारपणी त्याच सुस्तावतात.”

“म्हणजे कलम मेलं, पण नवं लावलंच नाही?”

“आणि तिथं रान माजलं! वास न ओळखणारं साधं अस्तर पसरतं.”

“सगळी बाग गेली?” आबांनी हळूच विचारलं.

“काही कलमं आहेत. कॉफी कळेल, हलका वास निसटेल. झोपलेल्या मूळपेशींना जागं कसं करायचं, ते शास्त्रज्ञ शोधताहेत. अजून जमलेलं नाही.”

“मग मी जमवीन!”

“आधी सातवी पास हो.”

दोन वाजले. आबांनी निवडलेल्या आंब्यांच्या चाळीस पेट्या बंद होत्या. गप्प बसलं, तर वाटेत कूज पसरणार आणि पुढच्या वर्षी गावाच्या आंब्याला कुणी विचारणार नाही. आबा दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

“द्रौपदा, पेट्या उघड. मला वास कळत नाही.”

पेट्या भरणारी द्रौपदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “मग सकाळपासून काय नुसता श्वास घेत होता?”

शेड खदखदून हसली, पण हात भराभर चालले. शाल्मली हुंगत सुटली. कुजके अकरा आंबे निघाले आणि बोट वेळेवर सुटली.

त्यापायी द्रौपदाचं जेवण बुडालं. शाल्मलीचं डोकं गरगरलं. चोंबडीची जराशी बॅटरी गेली. आणि आबांनी पन्नास वर्षांत पहिल्यांदा ‘मला वास कळत नाही’ हे चार शब्द चारचौघांत खर्च केले. सगळ्यांत महाग तेच पडले.