भगवानरावांची दुसरी फिल्म

मांजरसुंब्याला हमरस्त्यालगत माझा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लग्नाचे अल्बम. मागच्या खोलीत माझं वेड: तीन पायांचा लाकडी कॅमेरा आणि पाच बाय सात इंचांची कृष्णधवल फिल्म, एका फोटोला एक तुकडा. लोक हसतात, हसू देत. कोणती फिल्म कुठल्या डेव्हलपरच्या द्रावणात धुवावी यावर मी तासन् तास डोकं खाजवतो. बायको म्हणते, माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला नव्हतात.

त्या दुपारीही मी त्याच विचारात होतो. फक्त या वेळी गंमत नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी मी घाटावरच्या वस्तीत भगवानरावांचा फोटो काढला होता. नव्वदीचे मेंढपाळ. मोबाईलपुढे कधी बसले नाहीत. "त्या चपट्या डबीपुढं कशापायी बसू?" म्हणायचे. माझा कॅमेरा पाहून मात्र स्वतः धुतलेला फेटा बांधला, काठी घेतली आणि भिंतीपुढच्या खुर्चीवर ताठ बसले. अंगणापलीकडच्या निंबाच्या झाडापाशी कॅमेरा लावून, माझ्या सवयीप्रमाणे मी एकाच बैठकीच्या दोन फिल्म घेतल्या. पहिली धुवून अंदाज घ्यायचा, चुकलं तर दुसरीत सुधारायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारा गेला.

आता उद्यावर दहावा आला होता. त्यांची बायको विमलबाई आणि मुलगा अजिनाथ पुढच्या खोलीत बाकावर बसून होते.

"आधार कार्डावर निस्ता काळा डाग हाय बघा," विमलबाई म्हणाल्या. "सत्तर वर्सं संसार केला, पर घरात ह्यांचं तोंड म्हणून न्हाई. बाकी काय येऊ नगं येऊ. तोंड तेवढं येऊ द्या, दादा."

त्यांना काय सांगणार? पहिली फिल्म मी सकाळीच धुतली होती, रोजच्या डेव्हलपरमध्ये. भिंत स्वच्छ आली होती, सारवणाची बोटं मोजता यावीत इतकी. खुर्ची आली होती. खुर्चीपुढे काठी उभी होती, कुणी धरल्यासारखी सरळ. भगवानराव नव्हते.

मीच घाई केली असणार, अशी मी मनाची समजूत घातली. काठी कुणी धरली होती, हा प्रश्न मी मनाला विचारू दिला नाही.

आता एकच फिल्म उरली होती. रोजचं द्रावण झटपट काम करतं, पण मिट्ट काळोखात. काय येतंय ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसरं होतं पायरो. विषारी, सावकाश. पण अर्ध्या वेळानंतर अगदी मंद हिरवा दिवा क्षणभर लावून फिल्म बघता येते, आणि थांबायचं की पुढं जायचं ते ठरवता येतं. आंधळेपणानं धुवायचं धाडस मला होईना. मी पायरो घेतलं.

दार लावलं. फिल्म ट्रेमध्ये सोडली आणि ट्रेचा कोपरा उचलून पाणी हलवायला लागलो. चुळुक... चुळुक... बाहेर ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

आठव्या मिनिटाला हिरवा दिवा लावला. भिंत. खुर्ची. रिकामी.

दिवा मालवून पुन्हा ट्रे हलवू लागलो. तेवढ्यात वास आला. ओल्या लोकरीचा, मेंढरांच्या वाड्याचा. खोलीला खिडकी नाही. मी हात थांबवला.

चुळुक... चुळुक...

ट्रे हलत नव्हता, मी बोट लावून पाहिलं. पाणी मात्र हलत होतं.

बाराव्या मिनिटाला दिवा लावला. खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. निगेटिव्हमध्ये पांढरा फेटा काळा दिसतो, तसा तो दिसत होता. पण फेट्याखाली काहीच नव्हतं. ना नाक, ना डोळे. कोरं.

फिल्म उचलून फिक्सरमध्ये टाकली की जे आलं ते तिथंच थांबतं. टाकावी, असं फार वाटलं. खरं सांगतो, मी भ्यालो होतो.

"दादा..." दारापलीकडून विमलबाईंचा आवाज आला. "तोंड आलं का?"

"येतंय," मी म्हणालो. आणि फिल्म ट्रेमध्येच ठेवली.

पुढची चार मिनिटं मी ट्रेला हात लावला नाही. पाणी हलतच राहिलं. सोळाव्या मिनिटाला दिवा लावला, तेव्हा खुर्ची नव्हती. भिंतही नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत एकच चेहरा होता. मी फिल्म फिक्सरमध्ये अक्षरशः फेकली.

संध्याकाळी छापलेला फोटो हातात घेऊन विमलबाई रडल्या, हसल्या, पदरानं काच पुसावी तसा कागद पुसू लागल्या. "हेच बघा. अस्संच बघायचे माझ्याकडं."

अजिनाथ मात्र वाकून फोटो न्याहाळत होता. निघताना हळूच म्हणाला, "भाऊ, कॅमेरा तर पार निंबापाशी हुता. एवढ्या जवळून कवा काढला हुता?"

"लेन्स तशी होती," मी खोटं बोललो.

ते गेल्यावर मी दुसरी प्रत टेबलावर ठेवली आणि भिंग घेतलं. या फिल्मवर पापणीचा केस न् केस येतो. बुबुळात समोरचं सगळं उमटतं: आभाळ, झाड, कॅमेरा. तेच शोधत होतो.

डाव्या बुबुळात आभाळ नव्हतं. एक अंधारी खोली होती. बारीकसा दिवा, ट्रे, आणि ट्रेवर वाकून बघणारा मी.

भिंग सदऱ्याला पुसलं. मग भिंग उजव्या डोळ्यावर सरकवलं.

तीच खोली. तोच दिवा. तोच ट्रे, एक कोपरा कुणी धरल्यासारखा उचललेला, पहिल्या फिल्ममधल्या काठीसारखा.

मी त्यात नव्हतो.