गढी पडू देणार नाही

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की मी दाढीच्या जुन्या ब्रशनं त्याची जाळी साफ करतो. एसटीच्या भोर आगारात माझी सगळी नोकरी गाड्यांच्या पोटाखाली गेली. आवाज आला की त्याला कारण असतं, एवढं तिथं पक्कं शिकलो. कीर्तनात टाळ घेऊन उभा असलो तरी माझा एक कान मृदंगाची वादी कुठं ढिली पडलीय तिकडं असतो. विठोबा आणि नटबोल्ट माझ्यात कधी भांडले नाहीत. म्हणून पुढचं सगळं, जसं दिसलं तसंच सांगतो.

आमचं घर उंबरमाळला, वेल्ह्याच्या वर. ओटा, बाहेरची खोली, माजघर, मागं गोठा. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून तोरण्याचा खांदा दिसतो, धुकं नसलं तर. त्या खिडकीशी माझा मुलगा रोहिदास बसायचा. रक्ताचा आजार होता त्याला. पुण्याच्या खेपा सुरू झाल्या, कॉलेज सुटलं, मित्र आधी रोज आणि मग सणावारी यायला लागले. उत्रोलीचा सोमनाथ तेवढा टिकून राहिला. त्याचं भोरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानंच हा खेळ आणून दिला.

खेळ म्हणजे सुलतानांच्या काळातला मुलूख. नकाशावर रंगच रंग.

"आबा, ह्यो हिरवा आदिलशहा. ह्यो मोगल. अन् ह्यो ठिपका म्हंजी मी."

ठिपका नखाएवढा. एक गढी, भोवती चार गावं. त्या गढीचं नाव बदलून त्यानं उंबरमाळ ठेवलं होतं.

"एवढा शहा सोडून ह्यो ठिपका कशाला घेतलास रं?"

"मोठ्याला कुणीबी जिंकवंल की. बारक्यानं जिंकायचं नसतं आबा, टिकायचं असतं."

आणि तो टिकायचा. खेळातली एक चाल म्हणजे एक ऋतू. या ऋतूत याच्यापुढं मान झुकव, पुढच्या ऋतूत त्याला पाव्हणा कर. गाव सोड, पण माणसं गढीत आण. मंगल, त्याची आई, भाकऱ्या थापता थापता विचारायची, "काय म्हणतंय तुझं राज्य?" तिला कळावं म्हणून त्यानं खेळातलं इंग्रजी काढून तिथं आपली भाषा घालायला घेतली. पुढची चाल करायचं बटण होतं, त्यावर आलं, 'व्हा पुढं'. दोस्तानं दगा दिला की 'सोयऱ्यानं घात केला'. गाव पडलं की 'धनी, गाव गेलं. माणसं वाचली.' शाळेत गुरुजींचा मार खाऊनही त्याचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं नव्हतं. 'पाणी' तो जन्मभर 'पाणि' असंच लिहायचा.

भाषेचं काम निम्मं झालं आणि त्याला बसवेना. पुढं हाडं दुखायची. माजघरातल्या खाटेवर अंग टाकायचा, पण झोप यायची नाही. भाद्रपदात गेला.

दशक्रियेला कानंदीच्या काठावर सगळा गाव होता. बुवांचं प्रवचन झालं, पिंड ठेवला, माणसं मागं सरली. करंजावर कावळे बसून होते. एक खाली उतरेना. मंगलचा भाऊ धनाजी हात जोडून पुढं झाला. "आईला सांभाळू बाबा." काही नाही. "गोठ्यातली गुरं इकणार न्हाई." काही नाही. ऊन चढलं. पिंडावर माशा बसायला लागल्या. बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि मंगल नुसती त्या झाडाकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवेना. मी पिंडापाशी वाकलो, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो,

"तुझी गढी म्या पडू देणार न्हाई."

कावळा आला. एकच आला. करंजावरचे सगळे जागेवर होते. हा नदीपलीकडून आला, शिवला, आणि न ओरडता गेला.

माणसं सुटल्यासारखी घरी निघाली. धनाजीनं विचारलं, "काय बोललात, दाजी?" मी म्हणालो, "काय न्हाई."

मग मला खेळ शिकावा लागला. सोमनाथ रविवारी मोटारसायकल काढून यायचा.

"काका, इंजिन खोलल्यासारकं काय बघताय? बटन दाबा. फुटत न्हाई."

"चुकलं तर?"

"चुकलं तर एखादं गाव जाईल. रोह्याची निम्मी गावं अशीच गेल्यात."

मंगल चहा ठेवून जायची. "म्हातारपणी राज्य आलं म्हणायचं नशिबाला," असं टोचूनही जायची. पण मी बसलो की ती दारात यायची, आणि बरोबर विचारायची, "कसा हाय?" काय चाललंय असं नाही. कसा हाय.

"हाय," मी म्हणायचो.

सुरुवातीला सगळं सरळ होतं. जिथपर्यंत त्यानं भाषा घातली होती तिथपर्यंत त्याचे शब्द यायचे, आणि ते मी दोन-दोनदा वाचायचो. पुढं गेलं की इंग्रजी. ते मी सोमनाथकडून फोनवर समजून घ्यायचो. वेढ्याचं सगळं इंग्रजीतच होतं. रोहिदासनं गढीला कधी वेढा पडूच दिला नव्हता.

माझ्या हातून पडला. कार्तिकात, मी चुकीच्या शहापुढं मान झुकवली आणि हिरवा रंग चारी बाजूंनी सरकत आला. गावं गेली. माणसं मी आत घेतली, दार लावलं. एक ऋतू इंग्रजीत गेला, दुसराही. तिसऱ्या ऋतूला पडद्यावर पाटी आली:

'धनी, पाणि संपत आलं.'

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. 'पाणि'.

कारण असणारच. मी सकाळची एसटी धरून भोरला गेलो. सोमनाथ एका मोबाईलची पाठ उघडून बसला होता.

"राहिलेली भाषा तू घातलीस व्हय रं?"

"कुठली?"

मी सांगितलं. तो हसला, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. "आईची आण काका, म्या हात न्हाई लावला." रोहिदासनं भाषा ज्यात घातली होती त्या फाइलीची प्रत त्याच्याकडं होती. त्यानं ती उघडून दाखवली. वेढ्याची ओळ तिथं होती. इंग्रजीतच होती. सोमनाथनं माझ्या लॅपटॉपातली उघडली. तीही इंग्रजीत.

"मग पाटीवर मराठी कुठनं आलं?"

त्यानं लॅपटॉप मिटून माझ्या पिशवीत ठेवला, फार जपून. "काका, दुसरा खेळ घालून देऊ का? क्रिकेटचा?"

घरी आलो. मंगल ओट्यावर तांदूळ निवडत होती. "कसा हाय?"

"पाणी संपत आलंय म्हणतोय."

तिचे हात थांबले. ती उठली, घागर घेऊन विहिरीवर गेली. घरातल्या बाकी घागरी भरलेल्याच होत्या.

त्यानंतर प्रत्येक ऋतूला त्याचीच भाषा.

'पोरं रडत न्हाईत आता.'

'तटावर थंडी लई.'

'गढीत कीर्तन उभं हाय. टाळ वाजवायला हात उचलत न्हाईत.'

पोरगा गेल्यापासून मी टाळ हातात धरला नव्हता. ते कुणाला सांगितलंही नव्हतं. टाळ देव्हाऱ्याखाली फडक्यात बांधून ठेवले होते. त्या दिवशी ते सोडून बसलो, एकटाच, आणि चार ओळी म्हटल्या. पुढची पाटी आली, 'बरं वाटलं.' मंगलनं ती माझ्या खांद्यावरून वाचली. अक्षरांवरून बोट फिरवलं. काचेवर तिच्या बोटाचा पिठाचा ठसा राहिला, तो मी पुसला नाही.

मार्गशीर्ष लागला. खाचरं कापून मोकळी झाली, दुपारपर्यंत धुकं उठेना. आणि पाटीवरचा 'धनी' गेला.

'आबा, दार उघडू का?'

खाली दोन बटणं. व्हय. न्हाई.

मी 'न्हाई' दाबलं. वचन होतं. पंखा घरघरला. पुढचा ऋतू.

'आबा, दार उघडू का?'

न्हाई.

"काय म्हणतोय?" दारातून मंगल.

"उघडू का विचारतोय."

"मग?"

"म्या नको म्हणलो. शबूद दिलाय मंगल. नदीवर."

तेव्हा तिला सगळं सांगितलं. चुलीवर दूध उतू गेलं त्याचा वास आला तरी उठली नाही. "दमला असंल हो," एवढंच म्हणाली. "हितं दमला, तितंबी दमला."

उत्रोलीला सप्ताह होता. मी गेलो, टाळकऱ्यांच्या ओळीत उभा न राहता खांबाशी बसलो. बुवांनी उत्तररंगात दिलेल्या शब्दाची कथा लावली होती. राजाचा शब्द, राज्य गेलं तरी न फिरलेला. बाया रडल्या, मीही रडलो. इतकी वर्षं ती कथा ऐकून मी रडतो आणि हलका होऊन घरी जातो. त्या संध्याकाळी हलका झालो नाही. आरती झाल्यावर बुवांच्या पाया पडलो आणि विचारलं, "बुवा, गेलेल्या माणसाला दिलेलं वचन सुटतं कसं?"

बुवा उपरण्यानं घाम पुसत होते. "ज्याला दिलं त्यानं सोडलं की सुटतं, माऊली. मधल्या कुणाला तो अधिकार नाही." माझ्या कपाळाला बुक्का लावताना त्यांचा अंगठा क्षणभर थांबला. "रोहिदासाला?"

मी मान हलवली.

"मग त्यालाच विचारा की. बापाला लेकाची कसली लाज?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. मंगलला शेजारी बसवलं. त्या खेळात आपण लिहायला जागा नाही, नुसती बटणं आहेत. मी बोललो. बाहेरच्या खोलीत, लॅपटॉपकडं बघून, आगारातल्या माणसांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

"रोहिदास, लेकरा, तुला वचन दिलंय म्या. गढी पडू देणार न्हाई म्हणून. आता तूच मोकळं कर मला. मग उघड."

'व्हा पुढं' दाबलं.

पाटी यायला वेळ लागला. पंखा घरघरत होता. बाहेर धुक्यात कुणाची तरी म्हैस हंबरली.

'आबा, मला कवा वचन दिलं?'

आणि खाली, दुसरी ओळ.

'त्यो कावळा माझा न्हवता.'

मंगलच्या तोंडून आवाज निघाला, हुंदका नव्हे, दुसराच.

मग कुणाला? हे मी मोठ्यानं विचारलं की मनात, आठवत नाही. नदीपलीकडून आलेला तो एकटा कावळा डोळ्यांपुढं आला. माझा शब्द कुणी घेतला, ते मला आजही ठाऊक नाही. ज्यानं घेतला त्यानं अजून तो परत दिलेला नाही.

'आबा, दार उघडू का?'

व्हय. न्हाई.

मंगलनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता. बटण कुणाच्या बोटानं दाबलं गेलं, सांगता येणार नाही.

व्हय.

हिरवा रंग गढीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. ठिपका हिरवा झाला नाही. त्याचा रंगच गेला. तिथं नुसता डोंगर राहिला.

'गढी रिकामी निघाली. चूल गरम व्हती.'

मी वाट बघितली. दुसरी पाटी आली नाही. इतक्या महिन्यांनी मी मोठ्यानं रडलो, गडी माणूस रडू नये तसा. पंख्याचाही आवाज त्या रडण्यात बुडाला, आणि मंगल कधी उठली ते कळलं नाही.

ती माजघरातून आली. पाठीमागं दार हळूच ओढून घेतलं. तिच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं होतं, बाहेर तर धुकं होतं.

"बंद करा ते," ती कुजबुजली. "आत्ता डोळा लागलाय त्याचा."

मी लॅपटॉप मिटला. पंखा मंद होत होत थांबला. घर इतकं शांत झालं की मला माझा श्वास ऐकू यायला लागला, आणि मंगलचा.

मंगलनं ओठांवर बोट ठेवलं.

आत खाट करकरली. शेजारी कुणालातरी जागा द्यायला माणूस सरकतो, तेव्हा करकरते तशी.