दोन गुळगुळीत खड्डे

खरं तर तिचं काम शेजारच्या प्लॉटवर होतं. हद्दीचा दगड गवतात बुडालेला, म्हणून ती चुकून दहा पावलं इकडच्या प्लॉटवर आली, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि ओली माती चिमटीत दाबून तिची पट्टी काढू लागली. पट्टी लांब निघाली तर माती चिकट, लगेच तुटली तर वाळूची. ही लगेच तुटली. तेवढ्यात अंगावर सावली पडली.

"माझी होणार आहे ती माती," सावली म्हणाली.

तिने वर पाहिलं. उंच माणूस, केसांत सिमेंटची धूळ, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर बघू, असं तिने स्वतःला बजावलं.

"मूठभरच घेतलीय. परत ठेवू?"

"ठेवा. पण आधी कशी आहे ते सांगा."

तो पाण्याच्या टाक्या बांधणारा गवंडी होता. दुसऱ्यांची घरं बांधण्यात दहा वर्षं गेली, स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता. वडिलांचे गुडघे कामातून गेले होते. दोन महिने ते जिना उतरलेच नव्हते. हा प्लॉट मिळाला तर ते पुन्हा जमिनीवर पाय ठेवणार होते. अडचण एकच होती. इथवर गटार आलेलं नव्हतं. सांडपाणी जमिनीत मुरतं असा तिच्यासारख्या माती तपासणाऱ्याचा अहवाल असेल तरच घराला परवानगी होती, आणि प्लॉटचा मालक फक्त शनिवारपर्यंत थांबणार होता.

"मुरेल," ती म्हणाली. आपल्या बोटांवर तिचा भारी विश्वास होता.

तरीही तपासणी रीतसरच व्हायला हवी होती. एक खड्डा रस्त्याच्या बाजूला, एक मागे. दोन्ही पाण्याने भरून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचे आणि दर अर्ध्या तासाला पाणी किती उतरलं ते मोजायचं. खड्डे मीच खणतो, तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी दोघं उपड्या बादल्यांवर समोरासमोर बसली. पहिल्या अर्ध्या तासात त्याने तिची सगळी चौकशी केली. ती मावशीजवळ राहते, घरभर मातीच्या नमुन्यांच्या बरण्या असतात, त्यावरून मावशी रोज तोंडसुख घेते, हे सगळं तिने सांगून टाकलं. दुसऱ्या अर्ध्या तासात बोलणं कमी झालं आणि बघणं वाढलं. ती घड्याळाकडे बघायची, तो तिच्याकडे... तिने मान वर केली की तो घाईघाईने आभाळ तपासायचा.

पाणी मात्र केसभरही उतरलं नाही. वाळूच्या मातीत पाणी असं ठाण मांडून बसतं कसं? आणि हा माणूस खुशीत का?

तिने बाही सारून खड्ड्यात हात घातला. कडा ताटासारख्या गुळगुळीत.

"हे कोणी केलं?"

"मी. काल संध्याकाळी थापीने छान घोटून काढलं," तो अभिमानाने म्हणाला. "माझ्या हातचं पाणी आजवर कुठे झिरपलेलं नाही."

ती इतकी हसली की बादलीवरून घसरलीच. मग डोळे पुसत तिने समजावलं, की इथे पाणी झिरपायलाच हवं, आणि घोटल्यामुळे मातीची सगळी छिद्रं बुजली आहेत. त्याचा चेहरा पडला.

"मग आज जे दिसलं तेच लिहा. चूक माझी आहे."

"आजचा आकडा तुमच्या थापीचा आहे," ती म्हणाली. "मी मातीचा लिहिते."

दोघं पालथी पडून खिळ्याने खड्ड्याच्या कडा खरवडू लागली. चिखलात तिच्या बोटांना त्याची बोटं लागली. कोणीच हात मागे घेतला नाही... खरवडणं तेवढं थांबलं. मग खड्डे पुन्हा भरून ठेवले. शुक्रवारचं दुसरं काम तिने पुढे ढकलून टाकलं.

शुक्रवारी रस्त्याकडचं पाणी भराभर उतरलं. मागचं जागचं हललं नाही; तिथली माती खरोखरच चिकण होती. तिने अहवालात दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले आणि सही केली. शोषखड्डा रस्त्याच्या बाजूला, घर मागे, आणि पाया चांगला खोल घ्यायचा, असं त्याला बजावलं.

त्याने अहवाल दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि लगेच चुन्याची फक्की टाकून घर आखायला घेतलं. ही वडिलांची खोली, बिनपायरीची. हे स्वयंपाकघर. मग उत्तरेला त्याने आणखी एक चौकोन आखला आणि कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या.

"ही कोणाची?"

"बरण्यांची," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. या वेळी त्याने आभाळ तपासलं नाही. "मला तुम्ही आवडता. त्या दिवशी माती परत ठेवली तेव्हापासून. सहीच्या आधी बोललो असतो तर निकालासाठी गोड बोलतोय असं वाटलं असतं. आता माझं काही अडलेलं नाही. म्हणून विचारतो."

ती त्या चौकोनात गेली, बाहेरच्या कोपऱ्यावरची खुंटी उपटली, मोजून चार पावलं पूर्वेला सरकली आणि दगडाने तिथे ठोकून बसवली.

"नुसती उत्तरेला नको," ती म्हणाली. "मला सकाळचं ऊन लागतं. आणि उद्या मावशीला भेटायला ये... नकाशा घेऊन."