दोन यंत्रांची एकच चूक

"वहिनी, माझ्या बहिणीनं चोरी केली नाही, एवढं सिद्ध करून द्या," कारखानदार दादा म्हणाला. त्याच्या आवाजात विश्वासापेक्षा विनवणीच जास्त होती. हे भाऊजींच्याही लक्षात आलं; आणि भाऊजींच्या लक्षात सहसा काही येत नसे.

वहिनी खासगी तपास करत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, सोबतीला.

एका बड्या कंपनीचा संगणक सामान्यांना परवडत नसे. दादानं तसाच चालणारा स्वस्त संगणक बनवायला घेतला. नक्कल होऊ नये म्हणून रीत कडक होती: कंपनीचं यंत्र काय करतं, तेवढंच दादानं लिहायचं आणि त्याच्या बहिणीनं, छोटीनं, ते यंत्र न पाहता त्या वर्णनावरून नवा प्रोग्रॅम रचायचा.

पण सुरू होताना कंपनीचा पडदा 'स्मुती तपासली' असं अशुद्ध दाखवी. छोटीच्या प्रोग्रॅमवर चालणारा संगणकही तेच दाखवू लागला. "चूक उतरली, म्हणजे चोरी झाली," कंपनीच्या वकीलबाईंनी बजावलं. उद्या कारखान्याला टाळं लागणार होतं.

"मी कागदावर 'स्मृती' असं शुद्धच लिहिलं होतं," दादा पुटपुटला. "मग तिला ही चूक दिसली कुठे?"

छोटीचे डोळे सुजले होते. "मीही शुद्धच टाइप करते हो! पडद्यावर पुन्हा 'स्मुती'च. दहादा पुसलं. आता मलाच माझी शंका येतेय."

सुटे भाग आणणारे काका फणकारले. "कंपनी काय आभाळातून भाग आणते? त्यांचे नि आमचे एकाच बाजारातले. अक्षरांची चिपसुद्धा एकाच कारखान्याची!"

भाऊजी एका खोक्याला टेकले आणि त्यावरचा कागद मोठ्यानं वाचू लागले, "'कृपया उलटे ठेवू नये.' व्वा, छान छापलंय."

"सकाळी आमच्याच संगणकावरून छापलं," काका म्हणाले.

"भाऊजी, तुमच्या तोंडात साखर पडो!" वहिनी उठल्या. "वकीलबाईंना बोलवा. त्यांचं यंत्रही आणा म्हणावं."

दुपारी दोन्ही यंत्रं शेजारी मांडली. वहिनींनी दोन्हींवर 'गृहपाठ' टाइप करायला लावलं. दोन्ही पडद्यांवर उमटलं, 'गुहपाठ'.

"अगं बाई!" वकीलबाई चष्मा सावरत पुढे झाल्या.

"चूक प्रोग्रॅममध्ये नाहीच," वहिनी म्हणाल्या. "प्रोग्रॅम फक्त सांगतो, अमुक अक्षर काढ. पडद्यावर ते काढते चिप. तिच्यात ऋकाराचा आकार उकारासारखा झालाय, आणि चिप दोघांची एकच. म्हणून छोटीनं कितीही सुधारलं तरी पडदा खोटंच बोलणार. छपाईयंत्राची अक्षरं मात्र त्याची स्वतःची. म्हणून खोक्यावर 'कृपया' नीट आलं. आता तुमचं ते वाक्य कागदावर छापा."

दोन्ही कागदांवर आलं, 'स्मृती तपासली'.

वकीलबाई ओशाळल्या. "आणि आम्ही इतके दिवस या चुकीसाठी आमच्याच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोल लावत होतो! तक्रार मागे घेते."

"चांगली चिप मिळाली की तुम्हालाही कळवू," छोटी म्हणाली. "तुमचं यंत्र नसतं, तर आम्ही शिकलो असतो कशावरून?"

दादानं वहिनींना हात जोडले. "कारखाना वाचवलात. तुमचे उपकार..."

"आभार तिचे माना. सख्ख्या भावाला शंका आहे हे कळूनही ती काम टाकून गेली नाही."

दादा बहिणीजवळ गेला. "छोटे, सकाळपासून उपाशीच आहेस ना? चल, आधी जेवून घे."

"तू तरी कुठे जेवलायस?" ती म्हणाली, आणि डोळे पुसत त्याच्यासोबत निघाली.