भूपातला मध्यम

पल्लवी घाटपांडेच्या साठीनिमित्त घरीच तिच्या गाण्याची बैठक भरली होती. वीसेक माणसं मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या कानांवर बंद कपांचा हेडफोन, आणि दाद म्हणजे नुसता गोंधळ! काका एका जागेला "वा!" ओरडत, तर मावशींचं मागच्याच जागेवरचं "अहाहा!" अजून संपलेलं नसे. पण सगळे खूश. हल्ली कुणाचं गाणं पडतच नाही हो!

ही किमया ‘श्रुतिमेळ’ची. आपला कान आवाज नुसता घेत नाही, स्वतःही अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो. पण कान नीट झाकला, की कपातला चिमुकला माइक तो टिपतो आणि ओळखतो, आलेला सूर रुचला की खुपला. खुपला, तर त्यापुढचे सूर कानात शिरण्याआधीच सावरून घेतले जातात. गाणारा काही का गाईना, ऐकणाऱ्याला हवं तेच मिळतं. या सावरण्यालाच श्रुतिमेळ म्हणायचं.

पल्लवीचा नवरा यशोधन तर जेवतानाही हेडफोन काढत नसे. एकेकाळी हाच माणूस महा चोखंदळ. मुलगी बघायला आला तेव्हा भर पाहुण्यांत म्हणाला होता, "धैवत जरा चढतोय." पल्लवी संतापली होती, आणि तिथेच त्याच्या प्रेमातही पडली. गेली बाराएक वर्षं मात्र नुसतं "वा!".

पाहुणे चहाकडे वळल्यावर पल्लवीने मामेबहिणीला गाठलं. ही डॉ. शर्वाणी निमकर, श्रुतिमेळ घडवणाऱ्यांपैकी एक.

"शर्वाणी, वरच्या षड्जावर माझा आवाज चक्क फाटला. आणि सगळ्यांत मोठी दाद तिथेच! मी अजून गाते की नुसती ओरडते, हे मला मेलीला कळायचं कसं?"

"यशोधनला हेडफोन काढून ऐकायला सांग."

"काढेल?"

"तुझ्यासाठी? पळत काढेल. पण..." शर्वाणी घुटमळली. "काय होतं ते मला कळव मात्र."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधनने खरंच हेडफोन काढून फडताळात ठेवला आणि समोर येऊन बसला. पल्लवीने भूप धरला. या रागात मध्यम मुळीच नसतो, गांधारानंतर थेट पंचम. तो लागला, तर पहिल्या वर्षाचं पोरही कानाला हात लावेल. नवऱ्याची परीक्षाच घ्यायची म्हणून तिने मुद्दाम मध्यम लावला, आणि त्यावर चांगली ठाण मांडून बसली.

"वा! काय गांधार लागलाय गं आज!" यशोधनच्या डोळ्यांत पाणी होतं.

पल्लवी गाणं अर्धवट सोडून उठली. तिने आतल्या खोलीत जाऊन शर्वाणीला फोन लावला.

"मला हीच भीती होती," शर्वाणी म्हणाली. "मेंदू आवाज येण्याआधीच अंदाज बांधतो गं. तो चुकायचा, म्हणून तर मेंदू कानाचं ऐकायचा. श्रुतिमेळने इतकी वर्षं तो चुकूच दिला नाही. मग मेंदू कानाला विचारेल कशाला? हेडफोनचं काम आता तो स्वतःच करतो."

"सुधारेल ना?"

"अजून कुणाचं सुधारलेलं नाही. तक्रारही कुणाची नाही म्हणा."

"पण हे गाण्यापुरतंच ना?"

शर्वाणीने फोन ठेवून दिला.

पल्लवी बाहेर आली. यशोधन खिडकीशी पाठमोरा उभा राहून कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होता.

"अरे, भूपात मध्यम लावला मी! मुद्दाम! तुला कळलंसुद्धा नाही? साऱ्या जगात एक माणूस मला खरं सांगायचा, आणि तो तू होतास! मी आता कुणाला विचारू रे?" शेवटी शेवटी ती किंचाळतच होती. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून बाहेर आलं.

यशोधनने तांब्या खाली ठेवला. डोळे मिटून, मान हलवत, अगदी तृप्त होऊन तो म्हणाला, "किती गोड बोलतेस गं अजून!"